नोकरी सोडतानाचं गाणं

‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ लोक लग्नात वाजवतात तेव्हा मला हसू येतं. ते सोडून जाण्याचं गाणं आहे. तेही नवरा-बायकोतलं नव्हे. एका गायिकेने आपल्या बॉसला दिलेला तो राजीनामा आहे.

ती गायिका म्हणजे अमेरिकेची डॉली पार्टन. १९६७ साली ती गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही शोमध्ये आली. कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या वळणाच्या संगीतात, तो तेव्हा मोठं प्रस्थ होता, ही नवखी. काही वर्षांनी तिला स्वतःच्या वाटेने जावंसं वाटू लागलं आणि त्याला ते काही केल्या पटेना. वाद घालून उपयोग नाही हे कळल्यावर १९७३ साली तिने हे गाणं लिहिलं आणि त्याला गाऊन दाखवलं. डॉली सांगते की तो रडला आणि म्हणाला, जा, पण हे गाणं प्रोड्यूस मी करणार. (पुढे त्याने तिच्यावर दावा ठोकलाच. गाण्याने सगळं मिटतं असं नाही. तरी २००७ साली, तो वारण्याच्या काही महिने आधी, त्याच्या सन्मानाच्या कार्यक्रमात तिने त्याच्यासमोर हेच गाणं म्हटलं.)

१९७४ साली आलेलं मूळ रेकॉर्डिंग ऐका. आवाज चढत नाही, रडारड नाही. शेवटचं कडवं तर ती गातसुद्धा नाही, नुसतं बोलते. सुखी राहा, एवढंच त्यात आहे. ध्रुवपदात एकच ओळ, तीच पुन्हा. कागदावर वाचलं तर वाटेल, यात आहे काय? पण शब्दांनी सगळी जागा अडवलेली नाही, म्हणूनच नंतर येणाऱ्याला आत शिरायला वाव मिळाला.

या गाण्याचं सगळ्यात महत्त्वाचं कव्हर (म्हणजे दुसऱ्याने पुन्हा गायलेली आवृत्ती) माझ्या मते कधी झालंच नाही. एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं. डॉली आनंदात होती. मग त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर याने निरोप दिला की गाण्याचे अर्धे प्रकाशन हक्क द्यावे लागतील. तिने नाही म्हटलं आणि रात्रभर रडली. एल्विसला नाही म्हणायचं म्हणजे काय, विचार करा! पण हक्क तिच्याकडेच राहिले, म्हणून पुढे हेच गाणं गाणाऱ्या व्हिटनी ह्यूस्टनच्या रेकॉर्डचे गीतकार म्हणून मिळणारे पैसेही तिलाच मिळाले. त्यातून आपण नॅशव्हिलमधल्या एका कृष्णवर्णीय वस्तीत ऑफिसांची इमारत घेतली, असं ती सांगते.

मधल्या काळात गायिका लिंडा रॉनस्टॅटने १९७५ साली ते गायलं, आणि १९८२ साली डॉलीने स्वतःच एका सिनेमासाठी पुन्हा रेकॉर्ड करून कंट्रीच्या यादीत दुसऱ्यांदा पहिला नंबर मिळवला. मग १९९२, व्हिटनीचा सिनेमा ‘द बॉडीगार्ड’. खरं तर सिनेमासाठी दुसरंच गाणं ठरलं होतं, पण ते आधीच दुसऱ्या सिनेमात येऊन गेलं होतं. हे गाणं सुचवलं सिनेमाचा नायक केविन कॉस्टनरने. संगीतकार डेव्हिड फॉस्टरच्या हाती होती रॉनस्टॅटची आवृत्ती, आणि तिच्यात शेवटचं कडवं नाही. ते राहिलंय हे त्याला कळलं फोनवर, खुद्द डॉलीकडून. सुरुवात वाद्यांशिवाय हवी हा हट्टही कॉस्टनरचाच. जवळजवळ पाऊण मिनिट नुसता गळा! असलं गाणं अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत १४ आठवडे पहिलं राहिलं.

व्हिटनीने नुसतं मोठ्या आवाजात गायलं असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. डॉलीने निर्णय घेऊन टाकलाय आणि ती समोरच्याला समजावतेय. व्हिटनीचा निर्णय गाता गाता होतोय, आणि ती स्वतःलाच समजावतेय. म्हणून शेवटच्या ध्रुवपदाआधीची ती शांतता, तो ड्रमचा एक ठोका आणि वर गेलेली पट्टी तिथे शोभते. तेवढी उंची तिने त्याआधी जवळजवळ तीन मिनिटं हळूहळू कमावलेली असते.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. टॅलेंट शोमध्ये हे गाणं निवडणाऱ्यांपैकी बहुतेक जण डॉलीचं गाणं गात नाहीत, व्हिटनीच्या कव्हरचं कव्हर गातात. तीच हरकत, तोच श्वास, तोच ठोका. सुरुवातीची कडवी कशीबशी उरकायची, कारण परीक्षक उभे राहणार ते पट्टी बदलल्यावर. आवाजाचा पल्ला दिसतो, माणूस दिसत नाही. व्हिटनीने डॉलीची नक्कल केली असती तर आज त्या रेकॉर्डचं नावही कुणी घेतलं नसतं, हे यांना कुणी सांगतच नाही का?

मला अशी गायिका ऐकायची आहे जी हे गाणं खालच्या पट्टीत ठेवेल, पट्टी बदलणार नाही आणि शेवटचं कडवं पुन्हा बोलून दाखवेल. असं कव्हर तुमच्या ऐकण्यात असेल तर कमेंटमध्ये टाका. ड्रमचा तो ठोका असलेली लिंक मात्र नको.