कोरियातील कुत्र्याचे मांस : बंदी नेमकी आली कुठून?

दक्षिण कोरियाने कुत्र्याच्या मांसाच्या धंद्यावर बंदी घातल्यापासून एक मजकूर सगळीकडे पाठवला जातो आहे : ‘कोरियात घरोघरी कुत्रा खातात, पाश्चात्त्यांच्या दडपणाखाली सरकारने ही परंपरा मोडली आणि आता खाणाऱ्यालाही तुरुंगात जावे लागेल.’ यातला एकही दावा जसाच्या तसा टिकत नाही.

‘घरोघरी’ ही तर उघड अतिशयोक्ती आहे. गॅलप कोरियाच्या पाहणीत, गेल्या वर्षभरात हे मांस खाल्ले असे सांगणारे २०१५ मध्ये २७ टक्के होते, तर २०२२ मध्ये ८ टक्केच उरले.

दडपणाचा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा, कारण त्यात थोडे तथ्य आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या वेळी परदेशांतून टीका झाली तेव्हा सरकारने अशी हॉटेले हमरस्त्यांवरून हटवली. पण झाले काय? ऐन उन्हाळ्यात अंगात बळ यावे म्हणून प्यायचे ‘बोशिनतांग’ हे सूप पाट्यांवर ‘साचोलतांग’, म्हणजे ‘चारही ऋतूंचे सूप’, झाले. आतले मांस तेच राहिले. बाहेरच्या दडपणाने पाट्या बदलल्या, गिऱ्हाईक बदलले नाही. ते बदलले पुढच्या पिढीत, जी फ्लॅटमध्ये कुत्र्याला घरातलेच एक माणूस मानत वाढली आणि जिला सोंगनामच्या मोरान बाजारात दुकानांपुढे मांडलेले जिवंत कुत्र्यांचे पिंजरे पाहवेनासे झाले. ते पिंजरे आणि बुसानच्या गुपो बाजारातली मांसाची दुकाने २०२४ च्या कायद्याआधीच हटली होती. शिवाय, तैवानने २०१७ मध्ये हे मांस खाण्यावरच बंदी घातली, तर अमेरिकेत खाण्यासाठी कुत्री मारण्याविरुद्ध देशव्यापी कायदा २०१८ च्या अखेरीस झाला; मग कोणी कोणाचे अनुकरण केले?

तुरुंगाचा दावा साफ चुकीचा आहे. ९ जानेवारी २०२४ रोजी २०८ विरुद्ध शून्य मतांनी संमत झालेल्या या कायद्यानुसार, फेब्रुवारी २०२७ पासून मांसासाठी कुत्रा मारणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ कोटी वॉनपर्यंत दंड होऊ शकतो. पाळणाऱ्याला आणि विकणाऱ्याला त्याहून कमी शिक्षा आहे. खाणाऱ्याला शिक्षाच नाही.

खरी काळजी वेगळीच आहे, आणि त्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही. कायदा झाला तेव्हा हजाराहून अधिक फार्मांवर सुमारे ५ लाख कुत्री होती. छोट्या फ्लॅटमध्ये राहणारी माणसे इतकी मोठाली कुत्री सहसा घरी नेत नाहीत, आणि एवढ्या कुत्र्यांना पुरतील इतके निवारे कोरियात नाहीत.