‘बकरीची सुई गायीले काऊन?’

पोळा जवळ आला की आमच्या भागात एक मेसेज हमखास फिरतो. म्हणणं असं: लम्पीच्या (गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाच्या) नावाखाली गायीला बकरीची लस टोचतात, ती कामाची नाही, उलट तिच्यामुळेच अंगावर गाठी येतात, टोचलेल्या गायीचं दूध पिऊ नका. मागच्या पंधरवड्यात हा मेसेज मला चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांच्या गोठ्यात बैलजोडी आहे, म्हणून लिहायला बसलो.

लस बकरीची आहे, हे खरंच. शेळ्यांना होणाऱ्या देवी रोगावरची ती लस, त्या विषाणूच्या ‘उत्तरकाशी’ नावाच्या वाणापासून (स्ट्रेन) केलेली. पण लम्पीचा विषाणू, शेळ्यांच्या देवीचा आणि मेंढ्यांच्या देवीचा हे तिघे सख्खे भाऊ आहेत. त्यांची जनुकीय रचना सुमारे ९७ टक्के सारखी. जनावराच्या रक्तातली प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारे घटक) तिघांपैकी नेमकी कोणाविरुद्ध तयार झाली, हे साध्या रक्ततपासणीत ओळखू येत नाही. म्हणूनच शेळीच्या विषाणूवर तालीम केलेलं गायीचं शरीर लम्पीलाही भिडतं. गायीला मात्रा तेवढी जास्त लागते.

आणि हा प्रकार नवा कुठे आहे? आजीच्या दंडावरचे देवीचे वण आठवा. १७९६ साली एडवर्ड जेन्नरनं गायीच्या देवीच्या फोडातला द्रव एका पोराला टोचला, तिथून ती वाट सुरू झाली. १९८० मध्ये देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. गायीचं माणसाला चाललं, मग बकरीचं गायीला का चालू नये?

हो, एक कबूल करतो. खास लम्पीवरच्या लशीइतकं संरक्षण ही देईलच असं नाही. टोचलेल्या काही जनावरांनाही लम्पी होतो. पण २०१९ मध्ये ओडिशात हा रोग देशात पहिल्यांदा सापडला, तेव्हा आपल्याकडे स्वतःची लम्पीची लस नव्हती. हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी केलेली लस जाहीर झाली ऑगस्ट २०२२ मध्ये. मधल्या काळात ढोरं काय नशिबावर सोडायची होती?

आता गाठींचं. शेजारच्या काकांनी कालवड टोचून घेतली, सहाव्या दिवशी तिच्या अंगावर गाठी. काकांनी सुईला शिव्या घातल्या. पण लशीचा जोर यायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि विषाणू शिरल्यावर गाठी दिसायला ४ ते १४ दिवस. म्हणजे कालवडीला डासामाशीनं बहुतेक आधीच गाठलं होतं. गावात लम्पी शिरल्यावर आपण लशीमागं धावतो, मग असंच होणार. सुई टोचली तिथं सूज, एखाद दिवस ताप, थोडं कमी दूध, एवढं मात्र लशीनं होऊ शकतं.

सुईबद्दल माझी स्वतःची एक तक्रार आहेच. एका वर्षी आमच्या आखरावर एकाच सुईनं पाच-सहा ढोरं टोचली गेली. मी हटकलं तेव्हा बदलली. आजारी जनावराची सुई निरोग्याला टोचली तर रोग पसरू शकतो. मेसेज लिहिणाऱ्यानं हे लिहिलं असतं तर मीच पुढे पाठवला असता.

दुधाचं दोन ओळींत संपतं. लम्पी माणसाला होत नाही. दूध नेहमीसारखं उकळून घ्यायचं. आमची गाय टोचली त्याच सांजेला तिच्या दुधाचा चहा झाला. काकाही प्यायले, कुरकुरतच.