फिशरचा तो डाव मुलांच्या स्पर्धेतला नव्हता

बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये, पुढे विश्वविजेता झालेल्या बॉबी फिशरबद्दल एक मजकूर फिरतोय: ‘१३ वर्षांच्या बॉबी फिशरने मुलांच्या स्पर्धेत किंग्ज इंडियन खेळून, वजीर देऊन डाव जिंकला.’ वय बरोबर आहे, वजीरही खरा. बाकी दोन्ही गोष्टी, म्हणजे मुलांची स्पर्धा आणि किंग्ज इंडियन हे ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चालींची ठरलेली पद्धत), चूक.

हा डाव १७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कला रोझेनवाल्ड स्मृती स्पर्धेत झाला. ती मोठ्यांची स्पर्धा होती. समोर होते २६ वर्षांचे डोनाल्ड बर्न, १९५३ च्या यूएस ओपन बुद्धिबळ स्पर्धेचे विजेते. कौतुक करायचं तर याचं करा!

ओपनिंगबद्दल गैरसमज का होतो, ते पट मांडला की कळतं. काळ्याच्या, म्हणजे फिशरच्या, पहिल्या चार चाली, म्हणजे घोडा एफ६ या घरात, प्यादं जी६, उंट जी७ आणि कॅसलिंग, किंग्ज इंडियनसारख्याच दिसतात. पण त्यात वजिरापुढचं प्यादं सहसा डी६ वर थांबतं. फिशरने पाचव्या चालीला ते थेट डी५ वर नेलं. तिथे डाव ग्रुनफेल्ड या वेगळ्या ओपनिंगचा झाला.

आणि मुलांना नुसतं वजिराचं बलिदान दाखवू नका. ते १७व्या चालीला, उंट ई६ वर नेऊन आणि वजीर मारायला सोडून होतं. मला त्याआधीची ११वी चाल जास्त आवडते: घोडा ए४. पांढऱ्याने तो घोडा मारला, तर त्याचं ई४ चं प्यादं जातं आणि मधोमध अडकलेला पांढरा राजा उघडा पडतो.