स्वस्तिक खरं, पण बाकीचा फॉरवर्ड?

एका तांबूस मडक्याचा फोटो फिरतो आहे. पोटावर काळ्या रंगात ठसठशीत स्वस्तिक आणि खाली मजकूर: 'चीनमधल्या ७ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांवर स्वस्तिक! मडकी घडवणं, रंगवणं आणि कुंभाराचं चाक चिन्यांना आपल्या पूर्वजांनी शिकवलं. पाश्चात्त्यांनी हे दडवून ठेवलं.'

स्वस्तिकाबद्दल वाद नाही, ते खरंच आहे. छिंगहाय प्रांतातल्या ल्यूवानच्या दफनभूमीत दीड हजारांच्या आसपास थडगी आणि हजारो रंगीत मडकी निघाली. त्यांतल्या काहींवर बेरीज-वजाबाकीसारख्या खुणा आहेत, काहींवर स्वस्तिक. पण ही मडकी माछांग टप्प्यातली (रंगीत मडक्यांच्या माज्यायाव संस्कृतीचा शेवटचा टप्पा), म्हणजे साधारण इ.स.पू. २३०० ते २००० मधली. वय चार हजार वर्षांच्या थोडं पुढे. '७ हजार' हा आकडा उचलला आहे यांगशाव संस्कृतीच्या सुरुवातीवरून. ती इ.स.पू. ५००० च्या सुमारास पिवळ्या नदीच्या मधल्या खोऱ्यात, शेकडो किलोमीटर पूर्वेला सुरू झाली. तिथल्या पान्पो गावच्या प्रसिद्ध वाडग्यात दिसतात मासे आणि कानांशी मासे लावलेला माणसाचा गोल चेहरा. फोटो एका मडक्याचा, वय दुसऱ्याचं.

बरं, स्वस्तिक दिसलं म्हणजे भारत आला का? युक्रेनमधल्या मेझिन इथे मॅमथच्या सुळ्यात कोरलेल्या पक्ष्यावर तसाच आकार आहे आणि तो दहा हजार वर्षांहून कितीतरी जुना आहे. चार हात एकाच दिशेला वळवले की स्वस्तिक होतं. टोपली विणणाऱ्याच्याही हातून ते सहज उमटतं.

मडकी घडवायला शिकवलं, हा दावा तर तारखांपुढे टिकतच नाही. च्यांगशी प्रांतातल्या श्यानरेनदोंग गुहेतली खापरं सुमारे २० हजार वर्षांपूर्वीची आहेत. आपल्या उपखंडात बलुचिस्तानातल्या मेहरगढला मडकी येतात ती इ.स.पू. सहाव्या सहस्रकात. रंगवण्याचंही तसंच. कान्सू प्रांतातल्या दादीवानला मडक्यांच्या काठावर लाल पट्टा ओढायची सुरुवात यांगशावच्याही आधी झाली होती.

चाकाचं म्हणाल तर ल्यूवानची मडकी चाकावर वर उचललेली नाहीतच. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकावर एक रचायच्या, थापून सांधे मोडायचे, गुळगुळीत घासायचं. मग लोह-मँगनीजच्या खनिजांचा काळा रंग भाजण्याआधीच लावायचा. फार तर हाताने हळू फिरवायची बैठक खाली असे. जे चाक त्यांनी वापरलंच नाही, ते शिकवल्याचं श्रेय कशाला घ्यायचं?

'पाश्चात्त्यांनी दडवलं' हा मुद्दा मला सगळ्यात गमतीचा वाटतो, कारण घडलं नेमकं उलट. १९२१ मध्ये हनानमधल्या यांगशाव गावी उत्खनन केलं ते योहान गुन्नार अँडरसन या स्वीडिश भूवैज्ञानिकाने. तिथली रंगीत खापरं त्याला तुर्कमेनिस्तानातल्या अनाऊसारखी आणि युक्रेनकडच्या त्रिपोल्येसारखी वाटली, म्हणून रंगीत मडक्यांची कला पश्चिमेकडून आली असावी, असं त्याने उघडपणे मांडलं. तिची वाट शोधायला तो १९२३-२४ मध्ये कान्सू-छिंगहायला गेला. तिथल्या छीज्या संस्कृतीची बिनरंगी मडकी त्याने यांगशावच्या आधीची ठरवली. साधं आधी आणि नक्षीदार नंतर, असा सरळ हिशोब.

१९४५ मध्ये श्या नाय या चिनी पुरातत्त्वज्ञाने कान्सूतल्या यांगवावानला छीज्यांची थडगी खणली. थडगं बुजवताना लोटलेल्या मातीत त्याला रंगीत खापरं सापडली. म्हणजे थडगं खणलं तेव्हा रंगीत मडकी आधीच फुटून मातीत मिसळलेली होती! अँडरसनचा क्रम उलटा पडला. पुढे कार्बन-१४ च्या (जुन्या अवशेषांचं वय मोजायच्या पद्धतीच्या) तारखा आल्या आणि दिशाही उलटली: मधल्या खोऱ्यातली रंगीत मडकी जुनी, कान्सूतली माज्यायाव त्यानंतरची (इ.स.पू. ३३०० पासून), पश्चिमेकडची माछांग आणखी नंतरची. कला पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकली होती. बाहेरच्यांनीच शिकवलं असणार, हा आजच्या फॉरवर्डमधला तर्क शंभर वर्षांपूर्वी एका पाश्चात्त्यानेच लढवला होता. आपण फक्त 'बाहेरचे' बदलले.

बाहेरून काहीच आलं नाही, असंही नाही. गहू आणि मेंढ्या पश्चिम आशियातून टप्प्याटप्प्याने चीनमध्ये पोचल्या. मडकी मात्र त्यांच्या कितीतरी आधीपासून तिथलीच.

आणि सारखेपणावरूनच गुरू-शिष्य ठरवायचे असतील, तर पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला चला. तिथे जोर्वे संस्कृतीच्या लोकांनी, इ.स.पू. १४०० नंतर, लालसर मडक्यांवर काळी भौमितिक नक्षी काढली आणि दगावलेली तान्ही मुलं दोन मडकी तोंडाला तोंड लावून घरातच पुरली. पान्पोची माणसंही मेलेली मुलं मडक्यात घालून घरांजवळ पुरत, आणि तीही तीन हजार वर्षं आधी. फॉरवर्डच्या हिशोबाने इनामगावकरांचे गुरू कोण झाले?