पोतं आणि वही

पुण्यातल्या एका वर्गमित्राने गेल्या महिन्यात मला स्वतःचा लेख पाठवला. खाली एकच ओळ: "तू तिथेच असतेस, खोटं असेल तर सांग." लेख धर्मांतरबंदी कायद्याच्या बाजूने होता. तेवढाच असता तर वाचून सोडून दिला असता, हा वाद मी शाळेपासून ऐकत आलेय. पण उदाहरण त्याने कंबोडियाचं घेतलं होतं. अंगकोरची हिंदू देवळं उभारणारे, मुळात 'आपलेच' लोक; आधी पोल पॉटने त्यांना मारलं आणि उरले त्यांना मिशनऱ्यांनी तांदळाच्या पोत्यावर विकत घेतलं, असा एकंदर सूर. 'तांदळाच्या पोत्यावर' हे शब्द लेखात चारदा आले होते.

मी अकरा वर्षं कंबोडियातल्या बात्तांबांगला राहते. भाताच्या बियाण्याचं काम करते, पोती रोजच मोजते. आणि मी नगरकडची, चौथ्या पिढीची ख्रिस्ती. शाळेत 'दुष्काळी', म्हणजे दुष्काळात धान्यासाठी बाटलेल्यांची, म्हणून चिडवायचे तेव्हा जशी मान खाली जायची, तशीच ती इथे स्वयंपाकघरात उभ्या उभ्या गेली. मग राग आला.

तर सांगते.

सामलौटच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. पावसाळ्यात शेवटच्या सहा किलोमीटरला मोटोडुपवाला, म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवणारा, पैसे वाढवून दिले तरी येत नाही. तिथलं चर्च म्हणजे खांबांवर उभ्या असलेल्या एका घराखालची जागा. रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, चटया अंथरतात. सात-आठ कुटुंबं. लावणीच्या दिवसांत तीही नसतात. त्यांचा पाळक कसाव्याची शेती करतो, मायक्रोफायनान्सचं कर्ज फेडतो आणि मुलगा थायलंडमधून पैसे पाठवायचा त्यावर घर चालायचं. 2025 च्या जुलैत सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि तो मुलगाही इतर मजुरांबरोबर परत आला. या माणसाने कुणाला पोतं द्यायचं कुठून?

दारोदार जाऊन प्रचार करायला इथे धर्मखात्याची मनाई आहे. मदतीच्या बदल्यात धर्म मागायलाही. नवं प्रार्थनास्थळ बांधायचं तर जुन्यापासून दोन किलोमीटर दूर, आणि त्याआधी गावप्रमुखापासून वरपर्यंत कागद. बौद्ध धर्म हा राज्याचा धर्म असल्याचं 1993 च्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे. 2019 च्या जनगणनेत ख्रिस्ती अर्धा टक्काही भरले नाहीत. विकत घेतलेला देश असा दिसत नाही.

मित्राला अंगकोर 'आपलं' वाटतं, म्हणून त्याला आपल्याकडून इकडे आलेल्या आणखी एका माणसाबद्दल सांगावंसं वाटतं. गास्पार दा क्रूझ हा पोर्तुगीज साधू गोवा, चौल, कोचीन करत मलाक्कामार्गे 1555 मध्ये कंबोडियात पोचला. आपल्या अलिबागजवळचंच ते चौल. वर्षभर राहिला. त्याच्या हातून एकाच माणसाचा बाप्तिस्मा झाला आणि तो माणूसही वारला, असं त्यानेच लिहून ठेवलंय. पुढे 1923 मध्ये अमेरिकन प्रॉटेस्टंट आले, 1954 मध्ये पूर्ण बायबल खमेरमध्ये आलं, 1965 मध्ये त्या मिशनऱ्यांना देशातून काढलं. आणि 17 एप्रिल 1975 ला पोल पॉटच्या ख्मेर रूजने नोम पेन्ह घेतल्यावर भिक्खू, चाम मुसलमान, ख्रिस्ती, सगळेच भरडले गेले. नोम पेन्हचं कॅथलिक कॅथेड्रल तर दगडादगडाने उखडून टाकलं. 7 जानेवारी 1979 ला ती राजवट पडेपर्यंत सुमारे सतरा लाख माणसं गेली होती. चर्चला पुन्हा उघडपणे श्वास घेता आला तो 1990 मध्ये.

तांदळाचं खरं असलेलं तेवढं सांगते, लपवत नाही. त्या वाडीतल्या एका यियने, म्हणजे आजीने, मला सांगितलं, 1979 च्या शेवटी ती सीमेपलीकडे खाओ-इ-दांगच्या छावणीत पोचली तेव्हा आधी भातासाठीच बांबूच्या चर्चमध्ये जाऊन बसली. मी तिला मित्राचा लेख सांगितला. ती सुपारी कातरत होती. म्हणाली, "भुकेल्या माणसाने आधी कशासाठी यावं असं त्याला वाटतं?" मग थोड्या वेळाने: "भात नंतर सगळीकडेच मिळायला लागला, लेकी. तरी मी जातच राहिले."

का जात राहिली, हे त्या लेखात कुठेच नाही. त्याला त्याची गरजच वाटली नाही.

यियच्या भावाला 1977 मध्ये रात्री नेलं. नेणाऱ्यांना खबर देणारा वाडीतलाच एक छ्लोप होता, चौदा वर्षांचा पोरगा. तो आज त्याच वाडीत आजोबा झालाय आणि त्याच चटईवर बसतो. आधी तोच चर्चमध्ये आला होता. छावणीतून परतलेली यिय तिथे गेली, त्याला पाहिलं आणि उठून घरी आली. दोन पावसाळे ती फिरकली नाही. पाळकाने तिला एकदाही 'क्षमा कर' म्हटलं नाही, हे ती आवर्जून सांगते. तो फक्त तिच्याकडे जाऊन बसायचा. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी तो छ्लोप तिच्या जिन्याच्या खालच्या पायरीशी आला आणि भावाला कुठे नेलं ते त्याने सांगितलं. कुठलं तळं, कुठला बांध, कुठलं झाड. झाड आता नव्हतं. मग म्हणाला, "सोम तोस."

खमेरमध्ये माफी मागायची ती याच शब्दांनी. 'तोस' म्हणजे आपला 'दोष'. शब्दशः घेतलं तर तो माणूस दोष मागतो. पाप इथे 'बाप' आहे, पुण्य 'बोन' आहे, कर्म 'कम' आहे, चर्चलाही लोक 'विहार'च म्हणतात, आणि पाळकाला 'क्रू', म्हणजे गुरू. समेटाला शब्द आहे 'फ्साह-फ्सा'. त्यातला 'फ्सा' तुटलेलं लोखंड सांधतानाही वापरतात. सांधा दिसतोच. यिय त्या संध्याकाळी त्याला वर ये म्हणाली नाही. पुढच्या रविवारी चटईच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, एवढंच. तिला कुणाचा पश्चात्ताप नको होता, तिला जागा हवी होती, जिथे जाऊन उदबत्ती लावता येईल. हो, ती उदबत्ती लावते. काही ख्रिस्ती तिला त्यावरून बोलतात, मी बोलत नाही.

हे काम कुठलं न्यायालय करणार होतं? संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने 2006 मध्ये बसलेल्या न्यायालयापुढे फक्त वरचे नेते आणि सर्वांत जास्त जबाबदार माणसं येणार, हे आधीच ठरलेलं होतं. 2022 पर्यंत शिक्षा झाली ती तिघांना. वाडीवाडीतल्या छ्लोपांचं काय करायचं, ते वाडीवरच सोडलं. तेव्हाचे पंतप्रधान हुन सेन तर 1998 मध्येच म्हणाले होते, खड्डा खणून भूतकाळ पुरून टाकू.

मित्र यावर दुच काढेल, म्हणून मीच काढते. ख्मेर रूजच्या तुओल स्लेंग तुरुंगाचा प्रमुख. 1999 मध्ये याच सामलौटात तो एका छायाचित्रकाराला सापडला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेला ख्रिस्ती होता. कमीत कमी 12,272 माणसांचा मृत्यू न्यायालयाने त्याच्या नावावर मांडला. त्याने कोर्टात रडून क्षमा मागितली, आणि खटला संपता संपता, 2009 च्या नोव्हेंबरात, सुटका मागितली. परदेशातल्या चर्चमध्ये त्याच्या बाप्तिस्म्याची गोष्ट साक्ष म्हणून सांगतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. दोष मागणं आणि दोषातून सुटका मागणं यातलं अंतर त्या जिन्याशी उभ्या राहिलेल्या माणसाला कळलं होतं, दुचला कळलं नव्हतं. माझं हे मत इथल्या पुष्कळ ख्रिस्ती मित्रांना आवडत नाही.

समेट फक्त चर्चनेच घडवला असं मात्र मी म्हणणार नाही. नालंदेत शिकलेले भिक्खू महा घोसानंद छावण्यांत 'वैराने वैर शमत नाही' हे धम्मपदातलं वचन म्हणत फिरले आणि हजारो माणसं रडली. 1992 मध्ये ते निर्वासितांबरोबर चालत देशात आले. पण आमच्या वाडीतला विहार तेव्हा मोडून पडला होता आणि भिक्खू पुष्कळ वर्षांनी आले. त्या मधल्या वर्षांत जो येऊन बसला, त्याचे ते लोक झाले. इतकं साधं आहे हे.

आणि आपल्याकडे? माझ्या आजोळच्या गावात चर्चला सव्वाशे वर्षं होत आली. मारुतीच्या देवळापासून ते चालत पाच मिनिटांवर आहे आणि त्या पाच मिनिटांत जे काही घडलं, जे पाणी नाकारलं, जी वाट अडवली, त्याबद्दल कुणी कुणाच्या पायरीशी येऊन काही बोललेलं मी ऐकलं नाही. ना तिकडून इकडे, ना इकडून तिकडे. वाद एकाच गोष्टीचा चालतो: कुणी कुणाला पोतं दिलं. मित्रा, मी चिखलात उभी राहून जे पाहिलं ते तू पुण्यात बसून नाकारतोस, याचा मला संताप येतो. आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा आमच्याच चर्चमधल्या बाई 'मूळचे कोण?' असं हळू आवाजात विचारून गेल्या होत्या. चार पिढ्यांनंतर.

ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, तो ख्रिस्त आपल्या मातीत आपल्या चालीने गायला जावा म्हणून. मला ते इथे आल्यावर समजले. हिवाळ्यात सेऊलहून, टेक्ससहून आठवड्याभरासाठी गट येतात, सारखे टी-शर्ट घालून. मुलांना फुगे देतात, किती हात वर झाले ते मोजतात, 'चर्च प्लांट', म्हणजे नवं चर्च सुरू, झाल्याचे फोटो काढतात आणि जातात. दुसऱ्या वर्षी तेच हात दुसऱ्या गटासाठी वर होतात. पाळक त्यांना जेवायला घालतो आणि मी दुभाषी म्हणून हसत उभी असते. मित्राचा लेख या लोकांबद्दल असता तर मी सही केली असती. हे त्याला कळवायला मला जड जातंय, कारण तो एवढंच वाक्य उचलेल.

प्चुम बेनची गोष्ट राहिली. भाद्रपदाच्या कृष्ण पक्षात, आपल्याकडे पितृपक्ष असतो त्याच दिवसांत, पहाटेच्या अंधारात लोक विहाराभोवती फिरत भाताचे गोळे टाकतात. 'बेन' म्हणजे पिंडच. ज्यांचे अंत्यविधी झाले नाहीत असे प्रेतात्मे उपाशी फिरतात, आणि 1975 नंतरचे जवळजवळ सगळेच तसे. ख्रिस्ती झालेलं माणूस जात नाही तेव्हा शेजारी म्हणतात, "तुझी आई उपाशी राहिली." याहून मोठा घाव खेड्यात नाही, आणि चर्चकडे याला धड उत्तर नव्हतं. या वाडीने स्वतःचं शोधलं. शेवटच्या दिवशी सगळे घराखाली जमतात आणि एका शाळेच्या वहीतून आपापल्या मेलेल्यांची नावं मोठ्याने वाचतात. यियचा भाऊ त्यात आहे. नाव वाचलं जातं तेव्हा तो म्हातारा मान खाली घालतो. मग सगळे मिळून जेवतात, शेजारचे बौद्धही.

गेल्या वर्षी यियने मला विचारलं, "तुझं कुणी?" मी पणजीचं नाव सांगितलं. 1899-1900 च्या दुष्काळात ती लहान मूल कडेवर घेऊन मिशनच्या दारात आली. ज्वारीसाठी आली. आयुष्यभर मी लोकांना ती प्रवचन ऐकून आली असं सांगत आलेय, घरातही तसंच सांगतात. यियला मी खरं सांगितलं. तिने मान डोलावली.

"नाव?"

"रूथ."

"हे तर चर्चने दिलेलं. तिच्या आईने काय ठेवलं होतं?"

मला माहीत नव्हतं. मिशनच्या नोंदवहीत ते लिहिलेलं नाही. त्या रात्री राहुरीला बाबांच्या आत्यांना फोन केला, त्यांनाही ठाऊक नाही. मित्र हे त्याच्या पुढच्या लेखात वापरेल. वापरू दे.

वही लिहिणाऱ्या मुलाला यियने सांगितलं, रूथच्या आधी एका नावापुरती जागा सोड. त्याने सोडली.