अलंगला जाताय? मग मालाचं वय विचारा, जहाजाचं नको

हॉटेल किंवा लॉन्स काढायचं ठरलं की आपल्या धुळे-जळगावच्या मंडळींना अलंग आठवतं, म्हणजे गुजरातच्या किनाऱ्यावरचं ते गाव जिथं जुनी जहाजं तोडून त्यातला माल विकतात. नवापूर, सुरत, हजिरा, तिथून रो-रोनं (गाड्या नेणारी बोट) गाडीसकट घोघा बंदर. जा जरूर. पण "जहाज तीस वर्षांचं आहे, माल भंगारच" असं धरून भाव करायला बसलात तर फसाल.

मुंबई-गोवा फेऱ्या केलेली 'कर्णिका' घ्या. 1990 साली इटलीत 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून बांधली, 2020ला अलंगला लागली. मधल्या काळात हात बदलत सहा नावं झाली. अशा जहाजावर गालिचे, गाद्या, खुर्च्यांचं कापड दर काही वर्षांनी ड्राय डॉकमध्ये, म्हणजे जहाज दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत, नवं होतं. भिंतीतलं इन्सुलेशन आणि वायरिंग मात्र बरंचसं मूळचंच राहतं. म्हणून गादीचं लेबल उलटून तारीख बघा. आणि केबिनचे पॅनल फुकट मिळाले तरी नको. नव्या जहाजांवर अ‍ॅस्बेस्टॉसला (आग रोखायला वापरायचे तो फुप्फुसांना घातक तंतू) जवळपास पूर्ण बंदी आली ती 2002मध्ये. त्याआधीच्या पॅनलला करवत लावली की ती धूळ थेट सुताराच्या छातीत.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात किचनच्या मशिनरीत. क्रूझवर वीज साधारण 440 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपल्याकडे 415 आणि 50. मोटर सुमारे 17 टक्के हळू फिरते, वर तापते, कारण हर्ट्झ जेवढे उतरले तेवढे व्होल्ट उतरलेले नसतात. मिक्सर, एक्झॉस्ट, डिशवॉशर घेताना नेमप्लेट वाचा. 50/60 छापलं असेल तरच हात घाला. नाहीतर व्हीएफडीचा, म्हणजे मोटरला हवे ते हर्ट्झ-व्होल्ट देणाऱ्या यंत्राचा, खर्च धरा. नुसत्या हीटरवरच्या वस्तू चालतात, उष्णता अकरा टक्के कमी मिळते एवढंच. (भरिताची वांगी तशीही कपाशीच्या काड्यांवरच भाजायची, ओव्हन घेऊन काय करणार?) 110 व्होल्टचा दिवा मात्र आपल्या प्लगात घातला की गेला.

डोळे झाकून घ्यावं ते स्टीलचं: टेबल, सिंक, ट्रॉल्या, रॅक.

दोनशे खुर्च्या एकाच नमुन्याच्या हव्यात? जहाज लागल्यावर आधी सुटा माल उतरतो, कटिंग नंतर. तेव्हाच गाठा. पुढे तोच लॉट दहा दुकानांत फुटतो आणि जोड जमत नाही.

कडक (टफन्ड) काच घ्याल तर मापाचीच घ्या, ती नंतर कापता येत नाही. आणि ते चकचकीत कमोड बघून हुरळू नका भो. ते व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, चालतं. आपल्या टाकीच्या पाण्यानं त्यातलं काही हलत नाही.