नान्नजच्या मेहुण्याला काय दिसलं?

सोलापूरच्या पार्क मैदानाजवळचा आमचा कट्टा म्हणजे कायमच्या बंद पडलेल्या एका दुकानाच्या तीन पायऱ्या. वरच्या पायरीवर सर बसतात, कारण ते निवृत्त आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. बाकीचे जागा मिळेल तिथं.

परवा इरण्णा आला आणि चहा हातात घ्यायच्या आत म्हणाला, "मेहुण्याला माळढोक दिसला."

मेहुण्याचं रान नान्नजच्या पुढं. दिवस मावळताना ज्वारीच्या कडंला उंच, लांब मानेचं काहीतरी उभं होतं म्हणे. मान पांढरी. दोन मिनिटं थांबलं आणि चालत पलीकडच्या माळात गेलं.

शकीलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळं त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "फोटो?"

"फोन घरी चार्जिंगला होता."

"भूत दिसतं तेव्हा पण फोन चार्जिंगलाच असतो बे."

इथून वादाला तोंड फुटलं. बाहेरच्यांना सांगायला हवं की सोलापुरात माळढोक हा पक्षी कमी आणि जखम जास्त आहे. 1979 साली त्याच्यासाठी नान्नजच्या भोवती अभयारण्य झालं, तेही 8,496 चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. जमिनीचा व्यवहार करायचा तर परवानग्यांचा फेरा. पुढं ते क्षेत्र छाटून बाराशे चौरस किलोमीटरच्या घरात आणलं. तोवर पक्षीच जवळजवळ संपला. अलीकडच्या काही वर्षांत दिसली तर एखादी मादी, तीही कधीमधी.

"संपलं म्हणून टाका की एकदाचं," नागेश म्हणाला. त्याचे टॉवेलचे माग आहेत, सगळ्या गोष्टींचा तो हिशेब मिटवायला बघतो. "नाही दिसत म्हणजे नाही."

सर पायरीवरून थोडे पुढं सरकले. विज्ञानाचा तास सुरू झाला हे आम्ही ओळखलं.

"नागेश, रानपिंगळा माहीत आहे? छोटं घुबड. आपल्याच महाराष्ट्रातलं, खानदेशातलं. 1884 नंतर कुणाला सापडलं नाही. संपलं असंच सगळे धरून चालले होते. 1997 च्या नोव्हेंबरमध्ये पामेला रासमुसेन नावाच्या बाई दोन सोबत्यांना घेऊन अमेरिकेतून आल्या आणि शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, त्यांना ते दिसलं. भर सकाळी, उघड्या फांदीवर! 113 वर्षांनी."

"इतकी वर्षं कुणालाच कसं नाही दिसलं?"

"कारण एक खोटारडा." सरांना ही गोष्ट सांगायला फार आवडते. रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाचा एक इंग्रज कर्नल होता, मोठा पक्षीतज्ज्ञ म्हणून गाजलेला. 1914 मध्ये गुजरातेत मांडवीजवळ आपण रानपिंगळा मारला, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. प्रत्यक्षात त्यानं संग्रहालयातला जुना नमुना पळवून त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती. ही लबाडी उघड झाल्यावर रासमुसेन बाईंनी 1914 ची नोंद बाद केली आणि जुन्या खऱ्या नोंदी जिथल्या होत्या तिथं शोध घेतला. "आणि दुसरं म्हणजे हे घुबड दिवसाढवळ्या फिरतं. घुबड म्हणून रात्री बॅटरी घेऊन हिंडाल तर काय मिळणार?"

नागेशला हे पटलं नाही, पण त्याला स्वतःलाच काहीतरी आठवलं. त्याचं घर तेलुगू बोलणारं, सोलापूरच्या पूर्वभागातलं. "आमच्याकडं कलिवी कोडी म्हणतात, ते तसलंच का ओ सर? कोडी म्हणजे कोंबडी."

सरांचा चेहरा असा खुलला की जणू नागेश बोर्डात आला. जर्डनचा धाविक! डॉक्टर जर्डननं 1848 मध्ये नोंदवलेला, 1900 नंतर बेपत्ता. मोठमोठ्या अभ्यासकांनी शोधला, पण दिवसा. हा पक्षी पक्का निशाचर. 1986 च्या जानेवारीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण आंध्रातल्या कडप्पा भागात गावोगाव चित्रं दाखवून विचारत होते, तेव्हा ऐतन्ना नावाच्या तिथल्या शिकाऱ्यानं रात्री बॅटरीच्या झोतात तो पकडून आणला. पक्षी पुढं मेला, पण जात जिवंत आहे हे सिद्ध झालं. पुढं तेलुगू गंगा कालव्याची वाट त्याच्यासाठी बदलावी लागली.

"म्हणजे ऐतन्नाला आधीपासून ठाऊक होतं," इरण्णा म्हणाला. "तसंच माझ्या मेहुण्याचं."

मला हा मुद्दा बिनतोड वाटला होता. घुबड दिवसा फिरतं आणि धाविक रात्री, आणि माणसं नेमकी उलट्या वेळी शोधतात. 'नामशेष' या शब्दात प्राण्याबद्दल जेवढी माहिती असते, तेवढीच शोधणाऱ्यांबद्दलही असते, असं मी बोलूनही टाकलं. शकीलनं लगेच टाचणी लावली.

"भाई, घुबड केवढं? मुठीएवढं. धाविक केवढा? टिटवीपेक्षा लहान. रात्रीचा, झुडपातला. माळढोक मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत जातो. आणि राहतो कुठं? उघड्या माळावर! तिथं बकरं चुकलं तर दोन कोसांवरून दिसतं. लपणार कुठं बे?"

यावर सर गप्प झाले. खरं तर शकीलनं जे सांगितलं, तिथंच सगळ्या वादाची मेख आहे. पुन्हा सापडलेल्या जातींची यादी काढली तर बहुतेक लहान, रात्रीच्या किंवा माणूस सहसा जात नाही अशा जागी राहणाऱ्या निघतात. सीलाकँथ मासा कोट्यवधी वर्षांपूर्वीच संपला असं धरलेलं, तो 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेत कोळ्यांच्या जाळ्यात आला, पण समुद्राच्या खोलीतून. टास्मानियाचा पट्टेरी 'वाघ' मात्र मोठा. शेवटचा 1936 मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्यानंतर दिसल्याचे दावे शेकड्यांनी झाले, पण एकही पक्का पुरावा मिळाला नाही आणि 1982 मध्ये त्याला नामशेष ठरवलं. आपला चित्ताही तसाच. 1947 मध्ये छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी तीन मारले, 1952 मध्ये संपल्याचं जाहीर झालं. 2022 मध्ये कुनोत जे आणले ते नामिबियाचे.

"मग बार्शीचा वाघ?" इरण्णा सोडायला तयार नव्हता. "लोक सांगत होते तेव्हा तुम्हीच हसलाव. नंतर येडशीच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात आला का नाही?"

हे खरं. डिसेंबर 2024 मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ आमच्या सीमेवर आला. आधी सगळ्यांनी तरस म्हणून उडवून लावलं होतं. त्यात मीही होतो, आणि अजून ते मला खुपतं.

"तो पाहुणा होता," शकील म्हणाला. "इथं राहिलेला नव्हता."

"माळढोकपण पाहुणा असू शकतो की!"

नागेशनं मधेच विचारलं, नामशेष ठरवतं तरी कोण? सरांनी सांगितलं, पूर्वी पन्नास वर्षं दिसला नाही की संपला असा ढोबळ ठोकताळा होता. आता आंतरराष्ट्रीय यादीत नाव टाकायचं तर शेवटचा जीव मेल्याबद्दल वाजवी शंका उरता कामा नये. म्हणून गुलाबी डोक्याचं बदक कित्येक दशकं खात्रीनं दिसलेलं नसतानाही अधिकृतपणे अजून जिवंतांच्या यादीत आहे. घाईनं मेलं म्हटलं की जागेचं संरक्षण जातं, पैसा जातो, आणि उरलेसुरलेही मरतात. अभ्यासक याला रोमिओची चूक म्हणतात. ज्युलिएट मेली समजून यानं विष घेतलं आणि ती नंतर उठून बसली.

"आणि उलटी चूक?" नागेश म्हणाला. "नसलेल्या पक्ष्यासाठी वीस वर्षं सातबारा अडकवून ठेवणं? त्याला काय नाव आहे सर?"

त्याला नाव नव्हतं. निदान सरांकडं तरी नव्हतं.

शेवटी ठरलं, रविवारी पहाटे जायचं. पेट्रोल नागेशचं, दुर्बीण सरांची. जागा नक्की करायला इरण्णानं मेहुण्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"रविवारी चौघं येतोय रे. सरपण आहेत. त्या पक्ष्याची जागा दाखव."

पलीकडं बराच वेळ नुसता कुत्र्याचा आवाज.

"कुणाकुणाला सांगितलाव दाजी?"

"आपलीच माणसं."

"अंधारात बघितलं हो मी. लांडोर असंल."

"पांढरी मान म्हणालास की!"

"लांडोरच असंल दाजी. बांधाला बांध लागूनच प्लॉट पडायलेत, आमचंपण बोलणं चाललंय. उगं कशाला. तुम्ही या रविवारी, हुरड्याला या. पण ते दुर्बीण-बिर्बीण नको."

फोन बंद झाला. शकीलनं कधी नव्हे ते चहाचे पैसे दिले. सर पायरीवर तसेच बसून होते. मग हळूच म्हणाले, "लांडोरीची मान पांढरी नसते."